मधले सहा दिवस

मराठीच्या प्राध्यापकांनी दूरचित्रवाणी मालिकांविषयी लिहायचे म्हटले की दोनच सूर अपेक्षित असतात. एक तुच्छतेचा, दुसरा 'समाजशास्त्रीय अभ्यासा'चा. पहिल्यात मालिका हे अभिरुचीच्या ऱ्हासाचे लक्षण ठरते. दुसऱ्यात ती 'स्त्रीप्रतिमा', 'मध्यमवर्ग', 'जागतिकीकरण' अशा शब्दांच्या पिंजऱ्यात कोंडली जाते. आवडीने पाहणाऱ्याचा सूर आमच्या व्यवसायात सहसा कुणी लावत नाही. स्टाफरूममध्ये चहा पिताना लावतात, चर्चासत्रात नाही. आम्ही तो येथे लावणार आहोत. काही मालिका आम्हांला मनापासून आवडल्या, आजही आवडतात. त्यांतल्या बहुतेक सगळ्या आठवड्यातून एकदा लागणाऱ्या होत्या, आणि हा योगायोग नव्हे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो ठरलेला: लहानपणीचे सगळेच गोड लागते. तो आधीच निकालात काढू. साप्ताहिक मालिकांत सुमार मालिकांचा भरणा पुष्कळ होता. शिवाय आठवड्यातून एकदाच भाग दाखवायचा, हे बंधन काही कुणा कलावंताने व्रत म्हणून घेतले नव्हते. एकच वाहिनी, संध्याकाळचे मोजके तास आणि ते तास वाटून घेणारे प्रायोजक, यांतून ते आले. मात्र साहित्यातले रूपबंध तरी कुठे आकाशातून पडतात? छापखान्याची सोय, टपालाचा दर, वर्गणीदारांची संख्या यांतूनच तेही घडत आले आहेत.

ह. ना. आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी त्यातून १८९० ते १८९३ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली, हे आपण सारेच वर्गात सांगतो. सांगतो आणि पुढे जातो. मग यमूचे आत्मनिवेदन, वास्तववाद, स्त्रीजीवनाचे चित्रण हे मुद्दे येतात; 'क्रमशः' हा शब्द मात्र प्रकाशनाच्या तपशिलात पडून राहतो. आज ती कादंबरी आपल्या हाती येते ती बांधीव ग्रंथ म्हणून. परीक्षेच्या धाकाने विद्यार्थी ती चार रात्रींत संपवतो. त्या काळच्या वाचकाच्या घरी मात्र यमू काही वर्षे येत-जात होती. ती लहान मुलगी होती तेव्हा वाचायला लागलेली एखादी बाई, यमूवर वैधव्य येईपर्यंत स्वतःही वयाने वाढलेली असणार. मधल्या काळात त्या बाईच्या स्वतःच्या घरातही लग्ने, बाळंतपणे, मृत्यू झाले असणार. कादंबरीचा काळ आणि वाचकाचा काळ असे शेजारी शेजारी चालणे हे त्या कृतीच्या परिणामाचा भाग नव्हते, असे कोण म्हणेल? आम्हांला तर वाटते की आपण जी कादंबरी शिकवतो तिच्यातून एक पात्र गळाले आहे, आणि ते पात्र म्हणजे पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक.

साप्ताहिक मालिका ही त्या वाचकाची वारसदार आहे, असा आमचा दावा आहे.

या प्रकाराचा सर्वांत मोठा गुण आमच्या मते असा, की त्यातली माणसे आपल्या पाठीमागे जगतात. एक भाग संपतो, आठवड्याने दुसरा सुरू होतो, आणि मधले सहा दिवस त्या घरातही उजाडलेले, मावळलेले असतात. कुणाला बरे नव्हते ते बरे झालेले असते, कुणाची परीक्षा होऊन गेलेली असते. लेखकाला हे सगळे दाखवावे लागत नाही. प्रेक्षक ते गृहीत धरतो, कारण त्याचाही आठवडा गेलेला असतो. दैनंदिन मालिकेत नेमके उलट घडते. काल रात्री सासूबाईंच्या हातून आरतीचे तबक पडायला लागले. आज रात्री ते अजून पडतेच आहे. आपण चोवीस तासांत कामावर जाऊन आलो, भाजी आणली, झोपून उठलो, आणि ती माणसे जिथे होती तिथेच डोळे विस्फारून उभी. आपण नसताना ती गोठतात. कथनमीमांसेच्या भाषेत सांगायचे तर कथेचा काळ कॅलेंडरपेक्षा मागे पडतो. कथेतल्या एका लग्नाला आपले दोन महिने लागतात, आणि मग तूट भरून काढण्यासाठी एका सोमवारी अचानक 'सहा वर्षांनंतर' अशी पाटी झळकते. घराघरांत पोचलेले 'क्योंकि सास भी कभी बहू थी' हे यातले मोठे नाव. ३ जुलै २००० रोजी सुरू होऊन २००८ मध्ये थांबेपर्यंत तिचे अठराशेहून अधिक भाग झाले, आणि काळाची ही उडी तीत इतक्यांदा मारली गेली की पिढ्या मोजायलाही वही लागावी.

त्याच्यापुढे 'नुक्कड' ठेवून पाहा. सईद अख्तर मिर्झा आणि कुंदन शाह यांची ही मालिका १९८६ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली. भाग अवघे चाळीस. एक नाका, त्यावर विजेची दुरुस्ती करणारा गुरू, सायकलवाला हरी, कादरभाईंचे हॉटेल, भिकारी घनशू आणि कायम झिंगलेला खोपडी. दर भागात नाक्यावर एखादी अडचण येई आणि सगळे मिळून ती कशीबशी निस्तरत. पण कुणाचेही भले होत नसे. पुढल्या आठवड्यात पाहावे तर गुरू तितकाच कफल्लक, खोपडी तितकाच प्यालेला. दैनंदिन मालिकेतल्या माणसाचे नशीब दर पंधरवड्याला उलटेपालटे होते; नाक्यावरच्या माणसाचे होत नाही, आणि जगातल्या बहुसंख्य माणसांचेही होत नाही. गरिबीचे वर्णन करणाऱ्या कथा मराठीत, हिंदीत खूप आहेत. गरिबीतली पुनरावृत्ती, म्हणजे आज सुटलेली अडचण आठवड्याने दुसऱ्या वेषात दारात उभी राहणे, ही मात्र एका कथेत किंवा एका चित्रपटात मावत नाही. तिला चाळीस आठवडे लागतात. समीर खक्कर यांच्या खोपडीला लोक हसले आणि त्याच्यावर जीवही लावला, कारण तो दर वेळी परत येत होता. सुधारून नव्हे, तसाच.

आता 'टिपऱ्यां'कडे येऊ. येथे आमचा पक्षपात वाचकांनी आधीच ओळखलेला असेल, तेव्हा तो लपवत नाही. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ मध्ये तेव्हाच्या अल्फा मराठीवर, म्हणजे पुढच्या झी मराठीवर, सुरू झाली. दिलीप प्रभावळकर यांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावर ती बेतलेली होती आणि दिग्दर्शन केदार शिंदे यांचे होते. आबा टिपरे स्वतः प्रभावळकर, मुलगा शेखर राजन भिसे, सून श्यामल शुभांगी गोखले, नात शलाका रेश्मा नाईक, नातू शिऱ्या विकास कदम. प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा. म्हणजे आबा झाले तेव्हा ते साठीच्याही आतले. याच नटाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशी यांचा चिमणराव उभा केला होता, बाळ कर्वे यांच्या गुंड्याभाऊसोबत. मराठी घरात दोनदा, दोन पिढ्यांत, एकाच माणसाने दूरचित्रवाणीवरून कुटुंबातला माणूस म्हणून बिऱ्हाड करावे, ही आमच्या साहित्याच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. नाट्याच्या इतिहासातही तिला एक ओळ मिळाली तर पुष्कळ.

गंमत अशी की 'अनुदिनी' म्हणजे रोजनिशी. रोजची नोंद मालिकेत आली ती मात्र आठवड्याच्या मापाने, आणि तिला ते माप मानवले. टिपऱ्यांच्या घरात खलपात्र नव्हते. कुणी कुणाला विष देत नव्हते, कुणाची स्मृती जात नव्हती. घरातला एखादा छोटा पेच त्या भागापुरता वाढे आणि तिथेच, बहुधा थोडा अर्धवट, सुटे. असे लिहिणे किती अवघड आहे, हे कथा लिहून पाहिलेल्यांना कळेल. दर आठवड्याला पाच माणसे, तेच घर, आणि सुरुवात, मध्य, शेवट असलेली एक नवी गोष्ट. मोठ्या संकटाचा आधार घ्यायचा नाही, कारण मोठे संकट आणले तर पुढल्या आठवड्यात त्याचे काय करायचे? आबांना गंभीर आजार झाला तर सातव्या दिवशी ते खुर्चीत बसून टोमणे कसे मारणार? साप्ताहिक लेखकाला असे प्रमाणाचे भान ठेवावेच लागते. ते त्याच्या थोरपणातून येते असे नाही, मधल्या सहा दिवसांच्या धाकातून येते.

याच धाकाने संवादही घडवले. सहा दिवसांनी परत आलेले पात्र पहिल्या मिनिटात ओळखू आले पाहिजे. चेहऱ्याने तर येतेच, बोलण्यानेही आले पाहिजे. म्हणून टिपऱ्यांच्या घरात पाच जणांची पाच मराठी होती. आबांची सावकाश, जुन्या वळणाची, वाक्य पुरे केल्याशिवाय न थांबणारी. शिऱ्याची कॉलेजच्या कट्ट्यावरची, निम्मी हिंदी-इंग्रजीतून उचललेली. आणि त्या दोघांच्या मध्ये शेखर-श्यामलची, नोकरी आणि घर यांच्या कात्रीतल्या माणसांची मराठी. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतले मध्यमवर्गीय कुटुंब घरात कसे बोलत होते, याचा नमुना हवा असलेल्या भाषाभ्यासकाने कादंबऱ्यांआधी हे भाग पाहावेत. आजच्या दैनंदिन मालिकांत 'तू हे ठीक केलं नाहीस' हे वाक्य सासू, सून, वकील, पुजारी आणि खलनायक सगळेच एका सुरात उच्चारतात. त्यात लिहिणाऱ्यांचा दोष आम्ही फारसा मानत नाही. उद्याच्या चित्रीकरणाचे प्रसंग आज मध्यरात्री लिहून देणाऱ्या माणसाकडून पाच मराठींची अपेक्षा धरणे हा अन्याय आहे.

'प्रपंच'विषयीही लिहायचे होते. प्रतिमा कुलकर्णी यांचे दिग्दर्शन, सुधीर जोशी, प्रेमा साखरदांडे, संजय मोने, रसिका जोशी अशी नटमंडळी, आणि समुद्राकाठचे ते घर. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या बहराची ही मालिका. तिच्यातल्या माणसांना एका वाक्यात न बोलण्याची, थांबण्याची मुभा होती, एवढेच येथे नोंदवतो. सुधीर जोशी आणि रसिका जोशी दोघेही पुढे अकाली गेले. ते भाग आज पाहताना अभिनयाकडे निर्मळ डोळ्यांनी बघणे आम्हांला जमत नाही.

भाग मध्येच थांबणे ही केवळ कुतूहल ताणण्याची युक्ती नव्हे, हे आम्हांला ज्या एका भागाने शिकवले तो मराठी नव्हता. आर. के. नारायण यांच्या कथांवर शंकर नाग यांनी केलेल्या 'मालगुडी डेज'मधली पोस्टमनची कथा बहुतेकांनी पाहिली असेल. थानप्पा हा पोस्टमन. घरोघरच्या सुखदुःखांत गुंतलेला. एका घरी मुलीच्या लग्नाचा मुहूर्त अगदी तोंडावर आलेला आहे आणि नात्यातल्या वृद्धाची प्रकृती गंभीर असल्याचे पत्र येते. मागोमाग मृत्यूची तार. थानप्पा दोन्ही दाबून ठेवतो. लग्न लागते. मग तो येऊन सांगतो आणि टपाल रोखल्याचा गुन्हा कबूल करतो. वीसेक मिनिटांचा हा भाग. एका माणसाने बातमी काही दिवस अडवून धरली आणि त्या अडवलेल्या दिवसांत एक संसार उभा राहिला. आम्ही तो वर्गात दाखवतो तेव्हा चर्चा पोस्टमनचे बरोबर की चूक यावर जाते, आणि जावीच. पण कथाकाराचा धंदाही थानप्पासारखाच असतो, हेही विद्यार्थ्यांच्या ध्यानात यावे अशी आमची इच्छा असते. कळलेले सगळे लगेच हाती देऊन टाकणारा पोस्टमन प्रामाणिक खरा. कथाकार म्हणून तो उपयोगाचा नाही. शंकर नाग यांचे काम पाहताना आणखी एक जाणवते. भाग संपताना ते काही शिल्लक ठेवत नाहीत, 'पुढे काय' असा गळ टाकत नाहीत, आणि तरी पुढल्या आठवड्याची ओढ लागते. ती ओढ गावाची असते, घटनेची नव्हे.

मधल्या दिवसांची दुसरी, अधिक कठीण बाजू 'तमस'मध्ये दिसली. भीष्म साहनींची कादंबरी, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन, ओम पुरी यांचा नथू. जानेवारी १९८८ मध्ये ती दूरदर्शनवर सुरू झाली तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ती पाहू दिली गेली नाही. आम्ही शाळकरी होतो आणि घरच्यांनी विषयाकडे पाहून आम्हांला झोपायला धाडले. पुढे पदवीच्या वर्षांत ती पाहिली. सुरुवातीलाच नथूकडून एक डुक्कर मारून घेतले जाते, आणि मग ते मशिदीच्या पायरीवर सापडते. फाळणीच्या वेळच्या दंगलीचा तो आरंभ. मालिका सुरू झाल्यावर तिच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली, प्रक्षेपणाला स्थगिती मिळाली. मग दोन न्यायमूर्तींनी संपूर्ण मालिका पाहिली आणि स्थगिती उठवली. फेब्रुवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तिच्या प्रक्षेपणाच्या बाजूने निकाल दिला.

या प्रकरणाची चर्चा नेहमी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने होते. आमचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे जाते. आक्षेप आला तो भाग पाहून. निवाडा झाला तो संपूर्ण पाहून. साप्ताहिक रूपातली जोखीम इथे उघडी पडते. प्रेक्षकाला एका भीषण जागी सोडून सहा दिवस निघून जायचे, आणि त्या सहा दिवसांत तो काय विचार करील, कुणाशी भांडेल, कुठल्या न्यायालयात जाईल, यावर लेखकाचा ताबा नसतो. ही जोखीम आम्हांला दोष वाटत नाही. नथूला आपण कशाचे हत्यार झालो हे कळत जाते, आणि त्याचा तो अपराधभाव प्रेक्षकालाही आठवडाभर सोबत बाळगावा लागतो. त्या काळातल्या प्रेक्षकाने तो कार्यालयात, बाजारात, शेजाऱ्याच्या ओट्यावर बाळगला. आज 'तमस' कुणी एका रात्रीत पाहू शकतो. पहाटे ती संपते, डोळे चुरचुरतात, मन सुन्न होते, आणि दुपारी दुसरी मालिका सुरू करता येते. एका रात्रीत भोगलेला धक्का आणि आठवडाभर वागवलेली अस्वस्थता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साहनींच्या कथेला दुसरी हवी होती, असे आमचे मत आहे.

याच्या उलट बाजूचा पुरावा २०२० च्या टाळेबंदीने दिला. रामानंद सागर यांचे 'रामायण' मुळात २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ असे दर रविवारी सकाळी लागले, भाग ७८. तेच २८ मार्च २०२० पासून दिवसाला दोन भाग या गतीने दाखवले गेले आणि जेमतेम तीन आठवड्यांत आटोपले. प्रेक्षक प्रचंड लाभले. पण आमच्या विद्यार्थ्यांनी त्यातल्या एका लकबीची मनसोक्त थट्टा केली: कुणी काही बोलले की दरबारातल्या प्रत्येकाचा चेहरा एकेक करून दाखवायचा, भरीला तोच तंबोऱ्यासारखा घुमणारा सूर. थट्टेच्या चित्रांचा पाऊस पडला. रविवारी सकाळी अंघोळ करून, काही घरांत तर संचाला हार घालून बसलेल्या प्रेक्षकाला ते चेहरे म्हणजे दर्शन होते. आठवड्यातून एकदाचे दर्शन जरा रेंगाळलेलेच बरे. सकाळ-संध्याकाळ तेच दर्शन घडू लागल्यावर ते रेंगाळणे चव्हाट्यावर आले. आम्ही काही या मालिकेचे चाहते नव्हे. तिची कलादृष्टी आम्हांला तेव्हाही भडक वाटे. पण गती बदलताच कृती बदलते, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळणे दुर्मीळच.

आता दैनंदिन मालिकेच्या बाजूने एक सबळ मुद्दा आहे आणि तो आमच्याच परंपरेतून येतो. चातुर्मासात देवळात रोज पोथी लागते, रोज एक अध्याय. ऐकणाऱ्या बायका वर्षानुवर्षे त्याच जागी बसतात, शेजारणीशी कुजबुजतात, वाती वळतात. रोजच्या रोज थोडे ऐकणे, ऐकताना हाताने काम करणे, कथेपेक्षा सोबत महत्त्वाची असणे, हे सगळे संध्याकाळच्या मालिकेत जसेच्या तसे आले आहे. स्वयंपाक करता करता निम्मे कानांनी पाहणाऱ्या बाईला उद्देशूनच ती रचलेली असते. म्हणून तर एकच गोष्ट तीनदा सांगतात. तिला 'अभिरुचिहीन' म्हणणाऱ्या विद्वानांनी आपल्या आईशेजारी बसून एक आठवडा ती पाहावी, मग बोलावे. हा मुद्दा आम्हांला मान्य आहे. फरक एवढाच, की पोथीत पुढे काय होणार हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून सांगणाऱ्याला लांबण लावण्याची गरज नसते आणि शेवटी समाप्तीचा नारळ ठरलेल्या दिवशी फुटतो. मालिकेच्या समाप्तीचा दिवस कथा ठरवत नाही. तो आकडे ठरवतात.

आणि हे आकडे येतात आठवड्याला एकदा! वाहिन्यांच्या कचेऱ्यांत गेली कित्येक वर्षे गुरुवार हा निकालाचा वार आहे. त्या दिवशी कुठल्या मालिकेने किती प्रेक्षक मिळवले ते कळते आणि पुढचे वळण ठरते. म्हणजे निर्माता अजून आठवड्याच्याच लयीत जगतो, धास्तावतो, विचार करतो. विचाराची ती उसंत प्रेक्षकाकडून मात्र काढून घेतली गेली आहे. इंटरनेटवरच्या वाहिन्यांनी तर ती एका दिवसात नाहीशी केली. नेटफ्लिक्सने फेब्रुवारी २०१३ मध्ये 'हाउस ऑफ कार्ड्‌स'चे तेराही भाग एकदम खुले केले तेव्हा ते प्रेक्षकाचे स्वातंत्र्य म्हणून गौरवले गेले. पुढे यातल्याच काही कंपन्यांनी आपल्या निवडक मालिका पुन्हा आठवड्याला एक भाग अशा दाखवायला सुरुवात केली. कलेच्या कळवळ्याने नव्हे. मालिकेविषयी लोक अधिक दिवस बोलत राहतात, हे त्यांना उमगले म्हणून. व्यापाऱ्याला जे उमगले ते समीक्षेला का उमगू नये?

आमच्या आवडत्या मालिकांची एक मर्यादा येथे सांगितलीच पाहिजे, नाहीतर हे लेखन निव्वळ आरती होईल. टिपऱ्यांच्या घरात काय, 'प्रपंच'मधल्या घरात काय, चिमणरावाच्या बिऱ्हाडात काय, जगण्याचे प्रश्न येतात ते दाराची कडी आतून लावल्यानंतरचे. जात तेथे दिसत नाही, कारण ती आडनावातच मिटवलेली असते. साप्ताहिक मालिकेची उसंत मराठीत मिळाली ती बहुतांशी शहरी, पांढरपेशा कुटुंबांना. 'नुक्कड'च्या तोडीची, नाक्यावरच्या किंवा वस्तीतल्या माणसांना वर्षभर दर आठवड्याला भेटवणारी मराठी मालिका आम्हांला आठवत नाही. दलित आत्मकथने आणि ग्रामीण कथा यांच्या ऐन बहराच्या दशकांत हे माध्यम हाताशी होते. ती संधी हुकली, आणि तिची हळहळ आमच्या साहित्यसंस्थांना वाटल्याचे कधी ऐकिवात आले नाही.

गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गात आम्ही एक करून पाहिले. 'पण लक्षांत कोण घेतो?' सत्रभर हप्त्याहप्त्याने वाचायला दिली. पुढचे पान उघडायचे नाही, असे ठरवून. अर्ध्या वर्गाने अर्थातच पुढे वाचले. उरलेल्या अर्ध्या वर्गात मात्र यमूच्या नवऱ्याच्या मृत्यूपाशी आम्ही थांबलो तेव्हा जो वाद झाला, तसा वाद आमच्या अध्यापनाच्या वीस वर्षांत त्या कादंबरीवर झाला नव्हता. आता पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हते आणि पुढच्या सोमवारपर्यंत ठाऊक होणार नव्हते. दोघीतिघींनी आपापल्या आजीला, पणजीला काय सोसावे लागले याची घरी चौकशी केली. कुणी सांगितले म्हणून नव्हे. मध्ये वेळ होता म्हणून.

त्याच वर्गातल्या एका विद्यार्थिनीने परीक्षेनंतरच्या चार दिवसांत टिपऱ्यांचे चाळीसेक भाग सलग पाहिले. तिला ते कुटुंब फार आवडले. कुठला भाग आवडला, असे विचारले तर तिला भाग वेगळे काढून सांगता येईनात. सगळे मिळून एक लांबलचक रविवार झाला होता. आम्ही काही बोलण्याआधी तीच म्हणाली, "सर, मॅडम, तुम्ही आठवडाभर वाट बघत होतात, कारण तुमच्याकडे दुसरं बघायला काही नव्हतं." याला उत्तर देणे सोपे नाही, आणि आम्ही ते दिलेही नाही. तिला या सत्रात 'मालगुडी डेज' दर सोमवारी एकच भाग, याप्रमाणे पाहून टिपणे काढायला सांगितले आहे. ती तयार झाली आहे, मात्र एका अटीवर: शीर्षकसंगीत दर वेळी पूर्ण ऐकायची सक्ती नको.